कारण पुरेसं नाही

ग्रंथपालाची नजर चांगली नसते. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. समोर आलेल्या मुलाच्या चेहऱ्याआधी त्याची पिशवी पाहायची सवय त्या काळात लागली, ती अजून आहे. पुस्तक परत आलं की मी ते कानाशी धरून अंगठ्यानं पानं सोडत असे. ब्लेडनं एखादं पान कापलेलं असलं तर आवाज मध्येच अडखळतो. त्या अडखळण्यावर मी पुष्कळ मुलं पकडली. एकदा एक प्राध्यापकही पकडले. ते पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संपादकांनी ग्रंथालयातल्या दिवसांवर लिहा असं सुचवलं होतं. ते दिवस मी बाजूला ठेवतो. मला माझ्या दुसऱ्या कामाबद्दल लिहायचं आहे, जे घरातल्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी चालायचं. काम खरं माझ्या पत्नीचं, वसुधाचं. मी हजेरीपटाचा आणि कुलपाचा माणूस.

परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जायचं तर एक प्रवेशपरीक्षा असते. सगळी विद्यापीठं आता ती मागत नाहीत, काही अजून मागतात. तिच्यात गणित असतं आणि व्हर्बल असतं. गणिताला आमच्याकडची इंजिनिअरिंगची मुलं भीत नाहीत. अडतात ती व्हर्बलला. व्हर्बल म्हणजे इंग्रजी, असं बाहेरच्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. एक उतारा असतो, खाली एक प्रश्न आणि पाच उत्तरं. त्यातली चार तुम्हाला फसवण्यासाठी लिहिलेली असतात. लिहिणारी माणसं हुशार असतात, आणि तुमचा स्वभाव त्यांना तुमच्याहून जास्त ठाऊक असतो.

वसुधा कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. व्हर्बल शिकवायला तिनं कसं घेतलं ती गोष्ट मोठी आहे. तिची पद्धत तेवढी सांगतो. ती शब्दांच्या याद्या पाठ करायला देत नसे आणि बरोबर उत्तर कधीच सांगत नसे. "चार चोर पकडा, पाचवा आपोआप घरचा निघतो," म्हणायची. चोरांना तिनं नावं दिली होती. उताऱ्यात 'काही गावांत' असेल आणि उत्तरात 'सर्व गावांत', तर ते उत्तर 'वाढीव'. आणि जे उत्तर जगात खरं असतं पण उताऱ्यात कुठंच नसतं, तो 'पाहुणा'. पाहुणा सभ्य दिसतो, खरं बोलतो, पण या घरचा नसतो. मुलं सर्वांत जास्त त्याला फसत.

प्रत्येकाला एक दोनशेपानी वही करावी लागे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली 'मी का फसलो' ते लिहायचं, मराठीत, पूर्ण वाक्यात. इंग्रजीत लिहिलं की मुलं इंग्रजीच्या आड लपतात, असं तिचं मत. 'घाई झाली', 'लक्ष नव्हतं' असं कुणी लिहिलं, की खाली लाल शाईत ठरलेलं वाक्य येई: कारण पुरेसं नाही. पुन्हा लिहा. एका मुलानं तिसऱ्या खेपेला लिहिलं होतं, 'उताऱ्यात शेतकऱ्यांना नावं ठेवली होती, मला राग आला आणि मी त्यांच्या बाजूचं उत्तर निवडलं.' त्याखाली तिनं नुसती बरोबरची खूण केली. "आता हा पुन्हा नाही फसणार," मला म्हणाली.

सराव-परीक्षेचे पेपर तीच काढायची. ते माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. घंटा मी वाजवायचो, कागद मी गोळा करायचो, पटात गुण आणि शेरा मी भरायचो.

दीड वर्षापूर्वी, थंडी सरता सरता, वसुधा आजारी पडली. हात कापू लागले, मग पाठ धरली. भिंतीला टेकून बसायला तिला मोठा तक्क्या हवा होता. तो तिनं फोनवरून पलूसच्या एका गादीवाल्याकडून मागवला, सावरीच्या कापसाचा, मांडीएवढा जाड. मात्र दर दोन आठवड्यांनी तिची तक्रार असे की कापूस बसला, पुन्हा पिंजून आणायला पाठवा. मी तो कापडात शिवलेला तक्क्या स्टँडवर नेऊन पलूसवरून जाणाऱ्या सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचो. चार-पाच दिवसांनी तो तसाच परत यायचा.

मला लगेच संशय आला. इतक्या वेळा कापूस बसतो कसा? मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तक्क्या पाठवताना तोलला, आणि तो परत येऊन वसुधाच्या खोलीत एक दिवस राहिल्यावर पुन्हा तोलला. पाऊण किलो कमी. पुढच्या खेपेला मी तक्क्याला चिठ्ठी टाचली, 'परत आल्यावर वजन पाऊण किलोने कमी भरते. कृपया खुलासा करावा.' खुलासा आला नाही. गादीवाला कापूस मारतो असं मी वसुधाला सांगितलं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिली.

वर्ग तिनं थांबवला नाही. त्या वर्षी चौघं होती. पलंगाशेजारी सतरंजीवर बसत. वह्यांतली लाल शाई मध्यंतरी फार थरथरली होती, ती पुढे सरळ झाली. मी अक्षर पाहून डॉक्टरांना म्हणालो होतो, "औषध लागू पडतंय." डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवली होती.

श्रावणात ती गेली.

तिघा मुलांनी पुण्यात आपापली सोय लावली. अश्विनी राहिली. ती मेढ्याकडची, शेतीची पदवी झालेली. डोंगरउतारावरची माती पावसात वाहून जाते, ती कशी धरून ठेवायची, ते तिला शिकायचं होतं. ज्या विद्यापीठात ते शिकवतात तिथं व्हर्बलचे गुण लागत. पहिल्या खेपेला ती तिथंच कमी पडली होती.

तेराव्यानंतर तिचे वडील आले. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पाठ ताठ, चहाला हात न लावता बसले.

"सर, येळ बरी न्हाई, कळतंय मला," म्हणाले. "पर पोरीची परीक्षा सा आठवड्यावर आलीया. हा शेवटचा डाव हाय. ह्यात न्हाई जमलं तर अर्जाची मुदत गेली. मग तिची आजी आन् चुलतं थांबत न्हाईत. दोन स्थळं सांगून ठेवल्यात त्यांनी. एकदा मांडव पडला की कसली माती आन् कसलं काय."

"मी शिक्षक शोधून देतो," मी म्हणालो. "मॅडमनी तुम्हाला शब्द दिला होता."

"मॅडमनी दिला हुता. तुमी देताय का?"

मी दिला. मग त्यांनी चहा घेतला.

व्हर्बलचा शिक्षक शोधणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. वसुधा घरात होती, त्यामुळे शोधायची वेळ आली नव्हती. गणिताचा शिक्षक चुकला तर उत्तर चुकतं आणि दिसतं. व्हर्बलचा शिक्षक चुकला तर तो तुम्हाला पटवून देतो. म्हणून मी ठरवलं, की वसुधाचा एक जुना प्रश्न समोर ठेवायचा आणि माणूस काय करतो ते पाहायचं.

पहिला गृहस्थ साताऱ्यातलाच. त्याच्या वर्गावर मोठा फलक होता आणि फलकावर त्याचाच फोटो. भर उकाड्यात कोट घालून बसला होता. "ट्रिक आहे, सर," तो म्हणाला. "सगळ्यांत अवघड शब्द असतो ना, तोच बरोबर." मी प्रश्न पुढे केला. त्यानं सगळ्यांत अवघड शब्द असलेलं उत्तर निवडलं. ते नेमकं चोरांपैकी होतं. मी तसं सांगितल्यावर म्हणाला, "हा पॅटर्न जुना झाला आता." बाहेर अश्विनी उभी होती.

"कसं वाटलं, सर?"

"वाढीव," मी म्हणालो.

दुसरा संगणकाच्या पडद्यावर भेटला. कुठल्याशा मोठ्या शहरातून बोलत होता, इंग्रजी फार गोड. त्याच्यामागे पुस्तकांची भिंत होती. तो बोलत होता आणि मी पुस्तकं पाहत होतो. तिसऱ्या फळीवर पहिल्या फळीचीच पुस्तकं होती, त्याच क्रमानं, त्याच एका तिरक्या पुस्तकासह. ते चित्र होतं. मी त्याला विचारलं, तुमच्या उजव्या खांद्यावरचं निळं पुस्तक जरा काढून दाखवता का? तो म्हणाला, नेटवर्क जातंय. मग खरंच गेलं.

अश्विनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "पर सर, कपाट खोटं असलं तरी माणसाला शिकवायला येत असंल की."

"जो कपाट खोटं लावतो तो काय शिकवणार?"

"मॅडम म्हणाल्या असत्या, कारण पुरेसं नाही."

मी संगणक बंद केला. दोन आठवडे गेले होते.

तिसरे एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगलीत राहणारे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आयुष्यभर इंग्रजीचे पेपर तपासलेला माणूस. मी अश्विनीची वही घेऊन सांगलीला गेलो. त्यांनी मला बसवलं, चष्मा पुसला आणि तासभर वही वाचली. मध्ये एकदा मला पाणी विचारलं, तेही वहीतून मान वर न करता.

"मला नाही जमणार," शेवटी म्हणाले. "मी इंग्रजी शिकवतो. ही उलटतपासणी आहे. पण तुम्ही इतकी वणवण का करताय? ज्यांनी वही तपासलीय त्यांनाच विचारा की."

"ती माझी पत्नी. ती गेली."

"ते कळलं मला. मी दुसरीबद्दल बोलतोय."

"दुसरी कुणी नाही."

गुरुजींनी वही माझ्याकडे फिरवली. "होळीपर्यंतच्या तारखा बघा. अक्षर कापतंय, पण शाई स्वच्छ. हे पुढचं बघा. वळण तेच ठेवलंय, अगदी शिष्यानं गिरवावं तसं. पण अक्षरं ओळीभर पुसटलीत. लिहिताना हात ओल्या शाईवरून सरकतोय." त्यांनी आपला डावा हात हवेत चालवून दाखवला. "दुसरी बाई डावरी आहे."

मी त्यांच्याशी वाद घातला. तीस वर्षं मी सह्या ओळखल्यात, असंही म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्यांच्या ओळखल्या असतील."

परतीच्या गाडीत मी वही मांडीवर उघडी धरून बसलो होतो. शाई पुसटली होती. पानोपान. आणि डाव्या हातानं लिहिणारी एकच मुलगी मला आठवत होती, कारण एके काळी दोन तास मी तिच्या त्या हातावर पाळत ठेवून बसलो होतो.

शबाना नदाफ. सहा-सात वर्षांपूर्वीची. सांगलीला इंजिनिअरिंगला होती, मामाकडे राहायची आणि रविवारी पहिल्या गाडीनं आमच्याकडे यायची. सराव-परीक्षेच्या एका पेपरात तिची एकच चूक झाली. वसुधाचा पेपर इतका कुणी सोडवत नसे. मला वाटलं, पेपर फुटला. मी कपाटाचं कुलूप तपासलं, जुन्या मुलांची नावं काढली, आणि पुढच्या रविवारी बाकीची मुलं गेल्यावर शबानाला थांबवून दुसरा पेपर दिला. ती माझ्यासमोर बसून लिहीत होती, डाव्या हातानं, मान खाली घालून. त्याही पेपरात एकच चूक.

 पटात तिच्या नावापुढे मात्र मी आधीच 'शंकास्पद' असा शेरा मारला होता, तो तसाच राहिला. पट टेबलावर उघडा असायचा. वसुधानं तो पाहिला.

"अहो, हे खोडा."

"पुरावा आला की खोडतो."

"ती दुसऱ्यांदा बसली. अजून कसला पुरावा?"

मी खोडलं नाही. शबानानंही पाहिलं असावं, कारण ती पुन्हा आली नाही. पुढे कानावर आलं, की परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले, प्रवेशही मिळाला, पण वडिलांच्या छातीचा त्रास वाढला आणि ती गेली नाही. मी ते ऐकलं आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आणि अश्विनी आले. मी वही पुढे ठेवली.

"अश्विनी, यात लाल शाईनं दुसरं कोण लिहायचं?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. "मॅडमनी शपथ घातलीया, सर."

"मॅडम गेल्या."

"म्हणून शपथ जाती व्हय?"

"सांग की गं," सुभेदार म्हणाले. "सा आठवडं हुतं, चारच राह्यलं आता."

अश्विनी उठली, आत गेली आणि वसुधाचा तक्क्या उचलून घेऊन आली. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यातनं जायच्या वह्या. पलूसला. शबानाताईच्या दुकानात. मधोमध कापसात घालून मी वरनं टाके मारायची. ताई तपासून परत घालायच्या. आला की मॅडम मला काढाय लावायच्या."

मी तक्क्याकडे पाहत राहिलो. "पण हा मीच न्यायचो स्टँडवर."

"व्हय, सर."

सुभेदारांनी तोंडावर हात ठेवला होता. हसू काही केल्या आवरेना. "म्हंजे सर, सगळी रसद तुमीच पोचवत हुता," म्हणाले, आणि लगेच भिंतीवरच्या वसुधाच्या फोटोकडे बघून गप्प झाले.

चार वह्यांचं वजन पाऊण किलो. मला ते तेव्हा कळलं. आणि नदाफ म्हणजे पिंजारी, कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पलूसचा गादीवाला आणि सांगलीची शबाना या दोन गोष्टी मी कधी एका ओळीत ठेवल्या नव्हत्या.

"मला का नाही सांगितलं?"

अश्विनीनं सांगितलं. "मॅडम म्हणायच्या, सरांना सांगितलं तर सर खरं काय ते शोधत बसतील. तवर तुमच्या परीक्षा हून जातील."

मी तक्क्या घेऊन एकटाच पलूसला गेलो. कंडक्टर ओळखीचा निघाला. "आज सोताच आला काय?" म्हणाला. "दर खेपंला तक्क्या एकटाच यायचा."

दुकानात पिंजायचं यंत्र चालू होतं. हवेत कापूस तरंगत होता. दाराशी बाजेवर शबानाचे वडील, दस्तगीरभाई, तोंडाला रुमाल लावून बसले होते. आत शबाना गादीला लांब सुईनं टाके घालत होती, डाव्या हातानं. केसांवर, भुवयांवर कापूस. मला पाहून तिनं यंत्र बंद केलं.

"आवं बसा की, सर. उभं का?" दस्तगीरभाईंनी बाजेवर जागा केली. तक्क्याकडे पाहून म्हणाले, "पुन्यांदा बसला का कापूस?"

"अब्बा," शबाना म्हणाली.

"अगं, खुलासा मागत्यात ते. 'वजन पाऊण किलोने कमी भरते. कृपया खुलासा करावा.'" त्यांना चिठ्ठी तोंडपाठ होती. "लय हसलो सर आमी. मॅडमास्नी फोनवर वाचून दाखवली, तर त्याबी अशा हसल्या, अशा हसल्या, की खोकलाच लागला त्यास्नी."

वसुधा शेवटच्या महिन्यांत हसली होती, हे मला तिथं कळलं. भिंतीकडे तोंड करून ती खोकत होती असं मी समजत होतो.

शबानानं पाणी आणून दिलं. "मी मॅडमना सांगत होते, सरांना सांगा. त्या म्हणायच्या, बरं वाटलं की सांगते." मग म्हणाली, "त्या गेल्यावर तक्क्या यायचा थांबला. मला वाटलं, तुम्हाला दुसरं कोणी मिळालं."

मी कोट, खोटं कपाट आणि गुरुजी सगळं सांगितलं. अश्विनीचे चार आठवडे सांगितले, दोन स्थळं सांगितली. शबाना ऐकत होती आणि बोटानं तक्क्याची शिवण चाचपत होती.

"शिकवते," म्हणाली. "पण तुमच्या त्या टेबलावर नाही. इथं. रविवारी यंत्र बंद असतं."

"चालेल."

"आणि एक. मॅडमचा नियम सगळ्यांना होता ना?"

तिनं गल्ल्यातून एक कोरी वही काढली आणि निळं पेन ठेवलं. "लिहा, सर. माझ्या वेळी तुम्ही का फसलात. मराठीत, पूर्ण वाक्यात."

दस्तगीरभाई म्हणाले, "अगं, मोठ्या माणसाला असं..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं, कारण मी लिहायला बसलो होतो.

मी लिहिलं: 'आयुष्यभर ग्रंथालयात चोऱ्या पकडण्याचे काम केल्यामुळे मला प्रत्येकाची शंका येण्याची सवय लागली. त्या सवयीमुळे मी तुमच्यावर विनाकारण शंका घेतली. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' मला ते बरं जमलं आहे असं वाटलं. शबानानं उभ्यानंच वाचलं. लाल पेन उघडलं, डाव्या हातात धरलं आणि खाली लिहिलं. वळण हुबेहूब वसुधाचं होतं.

कारण पुरेसं नाही. पुन्हा लिहा.

"आत्ता?" मी विचारलं.

"सवडीनं. अश्विनीची परीक्षा होऊ दे."

पुढचे चार रविवार आणि अधलेमधले काही दिवस सुभेदार अश्विनीला मोटारसायकलवर पलूसला आणत. पहाटे निघत. मीही साताऱ्याहून येई. मला घंटा दिली नव्हती, किल्ली दिली नव्हती. गाद्यांच्या थप्पीवर बसून मी ऐकत असे. शबाना वसुधासारखंच शिकवायची, फक्त जास्त टोचून.

"हे उत्तर का घेतलंस?"

"खरं हाय म्हणून."

"खरं आहे, पण उताऱ्यात कुठंय? बोट ठेव."

अश्विनी उताऱ्यावर बोट फिरवायची, फिरवत राहायची.

"नाही सापडत?"

"न्हाई, ताई."

"मग पाहुण्याला चहा पाजून घालव. घरात झोपायला जागा देऊ नकोस."

दाराशी सुभेदार आणि दस्तगीरभाई बसलेले असत. एकदा सुभेदार मला हळूच म्हणाले, "चेकपोस्टावर असंच शिकवत्यात सर. गोड बोलला म्हणून सोडायचं न्हाई, कागद बघायचा." थोड्या वेळानं म्हणाले, "आन् कागद नीट असला तर मग अडवायचं न्हाई. त्येबी शिकवत्यात." ते सहज बोलले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

परीक्षा पुण्याला झाली. ती संगणकावर असते आणि संपल्या संपल्या गुण दिसतात. मी घरी फोनजवळ बसलो होतो. सुभेदारांचा फोन आला. मागे रहदारीचा आवाज होता आणि ते नुसतं 'सर, सर' म्हणत होते. मग अश्विनीनं फोन घेतला. "झालं, सर. पायजे हुतं त्येच्या वर दोन." मागून सुभेदारांचं नाक ओढणं ऐकू आलं. "पप्पांना काय बी झालं न्हाई, धूळ गेली," ती म्हणाली. मी म्हणालो, पहिला फोन पलूसला कर. ती म्हणाली, "पयला तिकडंच केला, सर."

या वर्षी श्रावणाच्या आधी अश्विनी परदेशी शिकायला गेली. तिथं माती काळी आहे, वाहून जाण्याइतका उतारच नाही, असा तिचा निरोप आला होता. पाहावं तिकडे सपाट, सर, जरा भीती वाटते.

शबाना आता रविवारी दुकानातच वर्ग घेते. सहा मुलं येतात. वसुधाचे सगळे पेपर मी तिला नेऊन दिले, कपाटासकट. किल्लीही दिली. ती म्हणाली, कुलूप कशाला? दुकान उघडंच असतं.

माझं उत्तर मात्र राहिलं होतं. वर्षभर ती वही माझ्या टेबलावर आहे. वर्षश्राद्ध झालं आणि मी जुना हजेरीपट काढून तो रविवार शोधला. त्या पेपरात एकच चूक करणारी शबाना एकटी नव्हती. साताऱ्यातल्या एका डॉक्टरांचा मुलगाही होता, त्याची आणि तिची नावं पटात खाली-वर आहेत. तोच पेपर, तेच कपाट, तीच किल्ली. त्याच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'उत्तम' आहे. त्याच्या पाठीवर मी थाप मारली होती, हेही मला आठवतं. त्याला दुसऱ्या पेपराला बसवावं असं माझ्या मनात आलं नाही.

ग्रंथपालाची सवय असती तर मी दोघांनाही बसवलं असतं. सवय सगळ्यांच्या पिशव्या बघते. मी एकीचीच बघितली. तिचं नाव वेगळं होतं, ती पहाटेच्या गाडीनं परगावाहून यायची, तिचे वडील कोण ते मी कधी विचारलं नव्हतं. तिची हुशारी मला या घरची वाटली नाही, त्या मुलाची वाटली. वसुधाला हे त्याच दिवशी दिसलं होतं, म्हणून ती 'खोडा' म्हणाली. आणि मी खोडत नाही हे पाहून, पुढे हात कापू लागल्यावर, जे तिला माझ्यासमोर करायचं होतं ते तिनं तक्क्यात शिवून केलं.

आता पटातला तो शेरा मी खोडला आहे. तारीख आजची घातली आहे, तेव्हाची घालता येत नाही.

हे सगळं वहीत उतरवून झालं आहे. संपादकांना पाठवतो आहे ती त्याची नक्कल. मूळ वही उद्या सकाळच्या सांगलीच्या गाडीनं पलूसला जाईल. तक्क्याची शिवण उसवून ती मधोमध घातली आणि वरून टाके मारले. टाके वाकडे आले आहेत. वजन केलेलं नाही.